साठ दिवस, पण कुठल्या तारखेपासून?

स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार किती चांगले, हे मोजायचं म्हटलं की हल्ली तीन आकडे पुढे केले जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जागतिक पातळीवर जाहीर झालेल्या आराखड्यातले ते आहेत. पसरू लागलेल्या कर्करोगाच्या किमान ६० टक्के रुग्णांना तो पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडावा, बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान पक्कं व्हावं आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार अर्ध्यात न सुटता पूर्ण व्हावेत. तिन्ही आकडे सुटसुटीत दिसतात. गोव्यासारख्या छोट्या राज्यात मोजायलाही सोपे वाटतात. घोळ मधल्या आकड्यात आहे.

तिथे येण्याआधी मागचं थोडक्यात. बोस्टनमधल्या एका सर्जनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवून, वर्षभराने त्याचं काय झालं ते लिहायला सुरुवात केली आणि स्वतःच्या चुकाही छापल्या. सहकाऱ्यांना ते अर्थातच रुचलं नाही. १९६६ मध्ये आणखी एका अभ्यासकाने दर्जाचे तीन भाग पाडले: साधनं आणि माणसं आहेत का, करायला हवं ते केलं का, रुग्णाचं पुढे काय झालं. आजची प्रत्येक यादी या तीन खणांतच बसते.

स्तनाच्या बाबतीत मात्र मोजण्याची खरी गरज १९८५ नंतर भासली. फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन दिलं तरी आयुष्यमान पूर्ण स्तन काढल्याइतकंच राहतं, हे त्या वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीतून पुढे आलं, आणि २००२ मध्ये वीस वर्षांच्या पाठपुराव्यानेही तेच सांगितलं. तोवर बहुतेकींचा स्तन सरसकट काढला जायचा. पर्याय आल्यावर प्रश्नही आले. गाठ काढली, पण रेडिएशन दिलं का? किती दिवसांत? अमेरिकेत २००७ मध्ये मान्य झालेल्या मोजमापांत हेच आहे: सत्तरीच्या आतल्या बाईची फक्त गाठ काढली असेल तर निदानापासून वर्षाच्या आत रेडिएशन. युरोपने २००० मध्ये केंद्राला वर्षाला किमान १५० नवे रुग्ण हवेत अशी अट सुचवली, २०१० मध्ये निर्देशकांची यादी केली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. त्यातला एक निर्देशक आपल्याकडे भिंतीवर लावण्यासारखा आहे: ऑपरेशनच्या आधीच सुईने निदान झालेल्या रुग्णांचं प्रमाण किमान ८५ टक्के असावं. आधी गाठ काढून टाकायची आणि मग ती तपासायला पाठवायची, ही जुनी सवय त्यात लगेच उघडी पडते. दुसरा एक निर्देशक फसवा आहे. एकाच ऑपरेशनमध्ये काम झालेल्यांचं प्रमाण जास्त हवं, असं तो म्हणतो. सगळ्यांचा स्तनच काढून टाकला तर तो आपोआप सुधारतो.

आता साठ दिवसांकडे.

समजा, डिचोली तालुक्यातल्या एका बाईला २८ ऑगस्टला आंघोळ करताना गाठ हाताला लागली. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दहा दिवसांवर, घरात गणपतीवरच्या फळा-पानांच्या माटोळीपासून नेवऱ्यांपर्यंत (करंज्यांपर्यंत) सगळी कामं तिच्याच अंगावर. चवथ झाल्यावर बघू, म्हणून ती २० सप्टेंबरला गावातल्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी गोळ्या दिल्या आणि कमी नाही झालं तर बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात, जा म्हणून सांगितलं. १४ ऑक्टोबरला तिने बांबोळीच्या ओपीडीत केस पेपर काढला. २४ ला बायोप्सी झाली. ३ नोव्हेंबरला रिपोर्ट आला, १४ ला हार्मोन आणि हर-टू या प्रथिनाच्या चाचणीचा. ५ डिसेंबरला पहिली केमो.

निदानाला किती दिवस लागले? बांबोळीचा केस पेपर ते पहिला रिपोर्ट धरला तर २०. गावातल्या डॉक्टरपासून धरला तर ४४. हर-टूचा रिपोर्ट आल्याशिवाय औषध ठरत नाही, म्हणून निदान तेव्हाच पुरं झालं असं मानलं तर ५५. गाठ लागली त्या दिवसापासून मोजलं तर ७८. बाई एक, फाईल एक, आणि यातला फक्त शेवटचा आकडा मर्यादेबाहेर जातो. तोही आराखड्याच्या हिशेबात येतच नाही, कारण तिथे घड्याळ सुरू होतं ते बाई आरोग्यसेवेच्या दारात आल्यावर. गावातला डॉक्टर म्हणजे ते दार की नाही, यावर बैठका रंगतात. माझ्या मते आहेच. तो धरला नाही तर सगळ्यात मोठी गळती जिथे होते तो तुकडाच हिशेबातून जातो.

‘निदानाची तारीख’ हा शब्दही सरळ नाही. कर्करोगाची नोंद ठेवणाऱ्यांच्या युरोपातल्या नियमांत नमुना घेतल्याची तारीख आधी धरतात, ती नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची, तीही नसेल तर रिपोर्टची. म्हणजे आपल्या बाईचं निदान नोंदवहीत २४ ऑक्टोबरला झालं, तिला कळलं ३ नोव्हेंबरला. उपचार सुरू व्हायला लागलेला वेळ एका तारखेने ४२ दिवस, दुसरीने ३२. अशा तारखांची व्याख्या करण्यासाठी २०१२ मध्ये संशोधकांनी एक निवेदन काढलं, तरी प्रत्येक रुग्णालय आपल्याला सोयीची तारीख घेतंच.

गोव्यात यात आणखी एक गाठ आहे. काणकोणहून असो की पेडण्याहून, बांबोळी दोनेक तासांवर. अंतर ही अडचण नाही. पण बायोप्सी इथे, ‘सेकंड ओपिनियन’ मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात, ऑपरेशन तिकडे, केमो परत इथे, असा प्रवास अनेक घरांना माहीत आहे. परळच्या खिडकीवर नवा कागद निघाला की घड्याळ शून्यावर येतं. आणि इथल्या नोंदीत ती बाई ‘पुन्हा आली नाही’ या रकान्यात जाते, म्हणजे उपचार अर्ध्यात सोडणाऱ्यांत. ८० टक्क्यांचा आकडा तिच्यामुळे खाली येतो, आणि ती मात्र व्यवस्थित उपचार घेत असते.

२०२१ मध्ये राज्यात हातात धरायच्या छोट्या यंत्राने, ऊतींच्या कडकपणावरून, स्तनांची तपासणी करण्याची मोहीम सुरू झाली, लक्ष्य होतं एक लाख महिलांचं. आकडा मोठा, बातम्याही मोठ्या. पण किती जणींना तपासलं हा कामाचा हिशेब झाला, दर्जाचा नव्हे. संशयित निघालेल्यांपैकी किती जणींची मॅमोग्राफी झाली आणि किती दिवसांत, हे खरं विचारायचं. त्याच वर्षी मुंबईतल्या वीस वर्षांच्या अभ्यासाचा निकाल आला. दीड लाखांहून जास्त महिलांच्या त्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासल्यावर कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागले आणि पन्नाशीपुढच्या महिलांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही. यंत्रापेक्षा हाताची बातमी लहान छापून येते, हे ओघाने आलंच.

पहिल्यांदा कुठे दाखवलं, हा प्रश्न केस पेपरवर असला तरी तो भरायला कोणीतरी विचारावं लागतं. उत्तर तारखेत मिळत नाही. ‘चवथीनंतर’, ‘जत्रेच्या आधी’, ‘धाकट्याची परीक्षा चालू होती तेव्हा’, असं मिळतं. मग खिडकीमागचा माणूस भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटतो, चवथ कधी होती ते बघतो, आणि रकान्यात अंदाजाने एक तारीख लिहितो.