ऑपरेशन आलं सगळ्यात शेवटी : मणक्याची गादी, दबलेली नस आणि जुने-नवे इलाज

पायाळू माणसाला खानदेशात अजून भाव आहे. रावेर-यावलकडच्या बागेत केळीचा घड उचलताना कुणाच्या कमरेत उसण भरली, की 'काय व्हयनं भो?' करत चार जण गोळा होतात आणि पाचवा पायाळू शोधायला पळतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला हलकी लाथ लावली की उसण उतरते, अशी समजूत. बऱ्याचदा उतरतेही. स्नायूची साधी उसण काही दिवसांत आपसूक जायचीच असते, श्रेय त्या पायाला मिळतं.

कळ कुल्ल्यातून मांडीमागे आणि पोटरीत उतरली, की प्रकरण वेगळं. आज आपण याला सायटिका म्हणतो; चरकसंहितेत वातव्याधींमध्ये याला गृध्रसी म्हटलंय. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव, असं सांगतात. त्यावर बस्ती (औषधी एनिमा), शिरावेध (शीर टोचून रक्त काढणं), डाग हे इलाज. सातपुड्याच्या पाड्यांवर डागण्या दिलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिस पाठीच्या रोग्याला बाकावर बांधून दोन्ही बाजूंनी ताण द्यायचा. आज दवाखान्यात कमरेला पट्टा बांधून 'वजन लावतात', त्याचा हा खापरपणजोबा. १७६४ साली इटलीतल्या दोमेनिको कोतुन्योने लिहिलं, की पायातली ही कळ नसेचीच आहे. पण नस दुखते कशाने, हे पुढची दीडशे वर्षं नीट कुणाला कळलं नाही. सर्जन कधीमधी मणक्यातून एखादा तुकडा काढत आणि त्याला कूर्चेची, म्हणजे कानात असतं तसल्या मऊ हाडाची, गाठ समजत.

ती गाठ नसून दोन मणक्यांमधल्या फुटलेल्या गादीचा तुकडा आहे, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी १९३४ साली छापलं. गादीचं ऑपरेशन खऱ्या अर्थाने तिथून रुळलं. म्हणजे 'ऑपरेशनला पर्याय' अशी पाटी आपण ज्यांना लावतो, त्यातले कित्येक इलाज ऑपरेशनच्या आधीचे आहेत. मणक्यातलं इंजेक्शनसुद्धा. १९०१ साली फ्रान्समध्ये सिकार आणि कातलँ यांनी माकडहाडाजवळच्या फटीतून सुई घालून कोकेन सोडलं होतं. स्टेरॉइड त्यात १९५० नंतरच्या दशकात आलं. त्याने काही आठवडे कळ दबते, गादी मागे जात नाही.

आता पपईची गोष्ट, कारण ती आपल्या शेताच्या बांधावरची आहे. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याकडे पपईच्या बागा आहेत. कच्च्या पपईला चिरा दिला की पांढरा चीक गळतो, हातावर राहिला तर चरचरतो. त्या चिकात प्रथिनं विरघळवणारे पाचक रस असतात. १९५६ साली अमेरिकेत ल्युइस थॉमस यांनी सशांना शिरेतून पपेन, म्हणजे या चिकातलाच एक पाचक रस, दिलं, तर त्यांचे ताठ कान लुळे पडले. कानातली कूर्चा मऊ झाली होती. मग लायमन स्मिथ यांनी त्याच चिकातलं कायमोपपेन थेट माणसाच्या फुगलेल्या गादीत सोडलं आणि १९६४ साली ते जाहीर केलं. चिरफाड नाही, एका सुईत गादीचा गर विरघळतो! १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला रीतसर परवानगी मिळाली. पण काहींना जीवघेणी अॅलर्जी झाली, मोजक्यांच्या मज्जारज्जूला इजा होऊन पाय गेले. २००३ च्या सुमारास ते तिथल्या बाजारातून उठलं. 'एका इंजेक्शनमध्ये गादी जाग्यावर' अशी जाहिरात दिसली, की मला पपई आठवते.

गादी मुळात 'सरकत' नाही. बाहेरचं कडक कडं फाटतं आणि आतला जेलीसारखा गर बाहेर येऊन नसेवर बसतो. शरीर त्या गराला परका समजतं आणि पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. १९८० च्या दशकात सीटी स्कॅनवर गादीचे असे आटलेले तुकडे दिसू लागले. गंमत अशी, की पूर्ण तुटून पडलेला मोठा तुकडा बहुधा जास्त आटतो, नुसती फुगलेली गादी कमी. रिपोर्ट वाचून घाबरणाऱ्यांना हे उलटं वाटतं. रिपोर्टची आणखी एक गोष्ट : १९९४ साली कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्क्यांची किमान एक गादी फुगलेली निघाली.

१९८३ साली नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १२६ रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. पहिल्या वर्षी ऑपरेशनवाले पुढे, दहा वर्षांनी ऑपरेशन केलेले आणि न केलेले सारखेच. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये २८३ जणांवर हेच तपासलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षभराने दोन्हीकडे ९५ टक्के बरे होते. ऑपरेशन न करता थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना मध्येच ऑपरेशन करून घ्यावं लागलं, हेही त्याच हिशेबात आहे. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. पाऊल उचलेनासं झालं तरी दुखणं अंगावर काढायचं नाही. तिथे पायाळूही नको आणि तेलही नको.

बाकी इलाजांची कहाणी थोडक्यात. वजन लावण्याने फार फरक पडत नाही, असं २०१३ च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) आलं. आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी प्रीगॅबालिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी २०१७ च्या चाचणीत सायटिकाला खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. १९५६ साली न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडे एक रुग्ण चुकून पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत पालथा पडून राहिला आणि उठला तो बरं वाटतंय म्हणत. जळगाव-धुळ्याचे फिजिओ आज पालथं झोपवून छाती उचलायला लावतात, ते तिथलंच.

सगळ्यात मोठी उलथापालथ 'सक्त विश्रांती'ची झाली. १९८६ मध्ये नुसत्या कंबरदुखीत दोन दिवस पडून राहणारे आणि सात दिवस पडून राहणारे सारखेच बरे होताना दिसले. पुढे १९९९ मध्ये सायटिकातही पडून राहिल्याचा जास्त फायदा दिसला नाही. रोजंदारीवरच्या माणसाला हे आधी कळतं तर त्याचे कितीतरी खाडे वाचले असते. आता डॉक्टर सांगतात, हिंडा-फिरा, फक्त वजन उचलू नका. हिंडणं-फिरणं जमतं. पण बागेच्या कडेला ट्रक उभा असतो, आणि घड कापल्यावर तो कुणाच्या तरी खांद्यावर यावाच लागतो.