श्रावणात चिकन स्वस्त, मग दुकान ओस का? मागणीचा संकोच आणि मागणीतला ऱ्हास

गटारीच्या आदल्या रविवारी सकाळी चिकनच्या दुकानासमोर उभं राहून बघा. रांग रस्त्यावर आलेली, बोर्डावर खडूने लिहिलेला भाव मागच्या आठवड्यापेक्षा चढा, आणि तरीही 'एवढं महाग?' म्हणत कोणी मागे फिरत नाही. पुढच्या रविवारी श्रावण लागलेला असतो. त्याच बोर्डावरचा भाव उतरलेला असतो आणि दुकानदार मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो.

आता बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक उघडा. मागणीचा नियम सांगतो की इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी कमी होते आणि किंमत घटली की मागणी वाढते. दुकानात तर बरोबर उलटं दिसलं. भाव चढा तेव्हा खप जास्त, भाव उतरला तेव्हा खप कमी. मग नियम चुकला, की चिकन हा नियमाचा अपवाद?

अपवाद वगैरे काही नाही आणि नियमही शाबूत आहे. घोळ 'मागणी' या शब्दात आहे. बोलताना आपण हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पुस्तकात त्या दोन गोष्टींना दोन नावं आहेत: 'मागणीतील विचलन' आणि 'मागणीतील बदल'. ही नावं ठेवणाऱ्यालाच नावं ठेवावीशी वाटतात, कारण रोजच्या मराठीत विचलन काय आणि बदल काय, ऐकणाऱ्याला एकच. म्हणून मी मुलांना त्यांच्या पोटातले शब्द आधी धरायला सांगतो. विचलनात येतात विस्तार आणि संकोच. बदलात येतात वृद्धी आणि ऱ्हास, ज्यांना काही पुस्तकं वाढ आणि घट म्हणतात.

अर्थशास्त्रात मागणी म्हणजे एक आकडा नसतो, अख्खी यादी असते. अमुक भाव असेल तर इतकं घेऊ, तमुक भाव असेल तर तितकं. हेच मागणी पत्रक, आणि तेच आलेखावर काढलं की मागणी वक्र. आपल्या दुकानाचं एक पत्रक धरून चालू (आकडे माझ्या मनचे आहेत, हिशेब सोपा जावा म्हणून). एरवीच्या रविवारी भाव २८० असेल तर ४० किलो जाईल, २४० असेल तर ६० आणि २०० असेल तर ८०. भाव २४० आहे, खप ६० किलो आहे. उद्या कोंबडीचं खाद्य महाग झालं आणि दुकानदाराने भाव २८० केला, तर खप ४० वर येईल. यादी तीच राहिली, गिऱ्हाईक फक्त तिच्यातल्या वरच्या ओळीवर सरकलं. हा संकोच. भाव २०० झाला तर ते खालच्या ओळीवर येईल, तो विस्तार. आलेखावर वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच वक्रावर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जातो.

गटारीला मात्र यादीच फाटते आणि नवी लिहिली जाते. आता २८० ला ९० किलो, २४० ला १२०, २०० ला १५०. कुठलाही भाव घ्या, पूर्वीपेक्षा जास्त माल जातो. अख्खा वक्र उजवीकडे गेला, ही वृद्धी. श्रावणात तिसरी यादी येते: २८० ला १०, २४० ला २०, २०० ला ३० किलो. वक्र डावीकडे गेला, हा ऱ्हास. आणि या प्रत्येक यादीच्या आत बघितलंत तर भाव उतरला की खप वाढतोच आहे. नियम प्रत्येक यादीत पाळला जातो. एका यादीतून दुसऱ्या यादीत उडी मारल्यावर काय होतं, याबद्दल त्याने शब्द दिलेलाच नव्हता. 'इतर परिस्थिती कायम असताना' हे शब्द मुलं पाठ करतात आणि उत्तर लिहिताना गाळतात, पण नियमाचा सगळा जीव त्या शब्दांत आहे.

आता जरा समुद्राकडे जाऊ, कारण गोंधळ खरा तिथे रंगतो. महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र ही त्याची कारणं. बिगरयांत्रिक छोट्या होड्यांना मुभा असते, पण तेवढ्याने बाजार भरत नाही. ताजी सुरमई, पापलेट दिसेनाशी होतात आणि जी दिसतात त्यांचा भाव ऐकून माणूस बोंबलाच्या सुकटीकडे वळतो. सुरमईचा खप घटला. हा संकोच की ऱ्हास?

बहुतेक जण पटकन ऱ्हास म्हणतात, कारण 'बंदी' हे भावाबाहेरचं कारण दिसतं. पण बंदीने कोणाची यादी बदलली ते बघा. खाणाऱ्याची जीभ तीच, पगार तोच. बंदीने हलवला तो पुरवठ्याचा वक्र, म्हणजे कुठल्या भावाला विकणारा किती माल आणेल ही त्याची यादी. त्यामुळे भाव चढला, आणि चढलेल्या भावामुळे खाणारा आपल्याच जुन्या यादीत वरच्या ओळीवर गेला. म्हणजे सुरमईच्या मागणीचा संकोच झाला.

त्याच वेळी शेजारच्या चिकनच्या दुकानात काय होतं? मासे महाग झाले म्हणून काही घरांत बुधवार-रविवारची कोंबडी वाढते. चिकनचा भाव अजून हललेलाही नाही, तरी त्याच भावाला जास्त चिकन जायला लागतं. चिकनसाठी 'माशांचा भाव' हे बाहेरचं कारण आहे, कारण ती पर्यायी वस्तू. तिथे वृद्धी. बंदी एकच, तिने कोळणीच्या पाटीत संकोच घडवला आणि खाटकाच्या दुकानात वृद्धी. 'किंमत वाढली म्हणून' एवढं लिहून म्हणूनच भागत नाही. कोणाची किंमत, हे विचारायलाच हवं.

मी हा फरक ओळखायला एकच प्रश्न वापरतो: या गोष्टीत त्या वस्तूचा भाव कारण आहे की परिणाम? सुरमईचा भाव आधी चढला, मग खप घटला. भाव कारण आहे, म्हणून विचलन. गटारीला लोक आधी धावले, मग भाव चढला. भाव परिणाम आहे, म्हणून बदल. आलेख आवडणाऱ्यांसाठी हेच दुसऱ्या तऱ्हेने सांगता येतं. अक्षांवर दोनच गोष्टींना जागा मिळते, त्या वस्तूची किंमत आणि तिची नगसंख्या. किंमत हलली तर ती अक्षावरच हलते, वक्राला जागचं उठावं लागत नाही. उत्पन्न, आवडनिवड, सणवार, पर्यायी वस्तूंचे भाव, भीती, पुढच्या भावाचा अंदाज यांना अक्षावर जागा नाही. त्यातलं काही बदललं की ते दाखवायला वक्रच उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. (किंमत उभ्या अक्षावर का, असं गणिताची मुलं दर वर्षी विचारतात, कारण त्यांच्याकडे कारण आडव्या अक्षावर असतं. ही इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्यापासून रुळलेली सवय आहे, तिला शरण जावं.)

भीती हा शब्द वर आला, त्याचा दाखला आपल्याकडचाच आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला. देशातली ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, म्हणजे पुरवठा घटला होता. नुसता पुरवठाच घटला असता तर भाव चढायला हवे होते. चढायचे सोडून ते कोसळले, कारण पुरवठ्यापेक्षा कितीतरी जास्त आटली ती मागणीची यादी. २०२० च्या सुरुवातीला चिकनमधून कोरोना होतो ही अफवा फिरली तेव्हाही तेच झालं. कोंबडी धडधाकट, भाव मातीमोल, गिऱ्हाईक नाही. अशा वेळी 'भाव उतरला की मागणी वाढते' हे वाक्य पोल्ट्रीवाल्याला ऐकवून बघा.

परीक्षेत एक सापळा हमखास लावतात. 'टोमॅटो महागला, म्हणून मागणी घटली. मागणी घटली, म्हणून भाव उतरायला हवा. म्हणजे टोमॅटो महाग राहूच शकत नाही. चूक की बरोबर?' ऐकायला पटतं, आणि पूर्ण चूक आहे. पहिल्या वाक्यातली घट म्हणजे संकोच. दुसऱ्या वाक्यातली घट म्हणजे ऱ्हास. एकाच शब्दाच्या आडून गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेली. चढ्या भावाला लोक कमी घेतात, तेव्हा थोड्या मालाची आणि थोड्या खरेदीची तिथे जुळणी होते, भाव खाली ओढणारं काही उरत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीच्या कितीतरी पुढे गेला होता. तो खाली आला तो लोकांनी कोशिंबीर सोडली म्हणून नव्हे. नवं पीक बाजारात आलं आणि पुरवठ्याचा वक्र उजवीकडे गेला म्हणून. सप्टेंबरात तोच टोमॅटो शेतकरी रस्त्यावर ओतत होते.

या गोंधळात फक्त बारावीची मुलं सापडतात असं नाही. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचे हेन्री मूर यांनी कच्च्या लोखंडाचे वर्षानुवर्षांचे भाव आणि खप घेऊन मागणीची रेषा काढली. ती वर चढणारी निघाली, भाव जास्त तेव्हा खप जास्त. मूर यांनी हा मागणीचा नवाच प्रकार सापडल्याचं मांडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी चूक दाखवून दिली. तेजीत रेल्वे आणि कारखाने जास्त लोखंड घेतात, मंदीत कमी. म्हणजे दर वर्षी मागणीचा वक्रच उजवीकडे-डावीकडे होत होता, आणि मूर वेगवेगळ्या वक्रांवरचे बिंदू एकाच रेषेने जोडत होते. जे हाती लागलं ते मागणीपेक्षा पुरवठ्याच्या वक्रासारखं होतं.

आपल्या दुकानात हेच करून बघा. श्रावणात २०० ला ३० किलो, एरवी २४० ला ६०, गटारीला २८० ला ९०. तिन्ही बिंदू जोडा, छान सरळ, वर चढणारी रेषा मिळते. पुरवठ्याची बाजू मधल्या काळात हलली नसेल, तर ती दुकानदाराची पुरवठा रेषा आहे. भाव चढला की तो जास्त माल काढतो, एवढंच ती सांगते.

सोन्याचं उदाहरण मुलं हटकून काढतात: 'सर, सोनं महाग होतं तरी लोक घेतातच की!' घेतात, कारण आजचा चढता भाव बघून उद्या आणखी चढेल असा अंदाज बांधतात. अंदाजाला अक्षावर जागा नाही, त्यामुळे वक्र उजवीकडे जातो. दसरा आणि अक्षय्य तृतीयेची गर्दी हीसुद्धा वृद्धीच. उलट २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, तोळ्याचा भाव काही हजारांनी उतरला आणि सराफाकडे लोक गेले. तिथे ना सण होता ना मुहूर्त. भाव कारण होता, म्हणून तो विस्तार.

उत्तर लिहिताना वक्र 'वर सरकला' किंवा 'खाली सरकला' असं लिहू नका. उजवीकडे-डावीकडे लिहा. मागणीत वर सरकणं म्हणजे वृद्धी दिसते, पण पुरवठ्यात वर सरकलेला वक्र म्हणजे घट असते, आणि घाईत इथे हमखास गुण जातात.

उरला ऑगस्ट महिना, जो मला सगळ्यात आवडतो. १ तारखेला बंदी उठते आणि बोटी समुद्रात जातात. कोळीवाड्यांत परंपरेने नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून दर्यावर जायचं, तीही श्रावणातच. म्हणजे माशांचा पुरवठा उजवीकडे जायला लागतो नेमका तेव्हा, जेव्हा अनेक घरांत मासे वर्ज्य असतात आणि मागणी डावीकडे गेलेली असते. दोन्ही हालचाली भावाला खालीच ढकलतात, त्यामुळे जुलैच्या मानाने भाव उतरणार हे आलेख काढून छातीठोक सांगता येतं. पण खपाचं काय? पुरवठा वाढल्याने तो वाढायला हवा, मागणीच्या ऱ्हासाने घटायला हवा. कोणता वक्र किती सरकला हे कळल्याशिवाय उत्तर निघत नाही. श्रावण पाळणारी घरं किती, न पाळणारी किती, ख्रिस्ती आणि मुस्लिम वस्ती किती, हॉटेलं किती माल उचलतात, यावर ते ठरेल. गोव्यातल्या बाजारात एक उत्तर येईल, पुण्यातल्या बाजारात कदाचित दुसरं, आणि ते शोधायला वही घेऊन मासळी बाजारातच जावं लागेल.