सॅल्मनचा अर्धा वाटा, पण अर्धा कशाचा?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात (सिएटलवालं, राजधानीचं नव्हे) 12 फेब्रुवारी 1974 ला जॉर्ज बोल्ट नावाच्या फेडरल जजने एक निकाल दिला आणि तिथले बिगरआदिवासी मच्छीमार इतके भडकले की त्यांनी जजचा पुतळा करून फासावर लटकवला. निकाल असा की पकडता येण्याजोग्या सॅल्मनपैकी अर्धा वाटा तिथल्या मूळ जमातींचा. त्याआधी त्यांना मिळत होते जेमतेम 5 टक्के.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1854-55 मध्ये जमातींनी करार करून जवळपास सगळी जमीन देऊन टाकली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे पकडायचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढे राज्य सरकार त्याच जागी त्यांना बेकायदा म्हणून अटक करायला लागलं. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिली अटक झाली 1945 मध्ये, वय 14, आणि नंतर 50 पेक्षा जास्त वेळा. 1960 च्या दशकात जमातींच्या लोकांनी मुद्दाम नदीत जाळी टाकून सत्याग्रहच केला म्हणा ना. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि 1979 मध्ये सुप्रीम कोर्टानेही बोल्टचा निकाल बहुतांशी कायम ठेवला.

इथपर्यंत कोर्टकचेरी, आता खरी गंमत. अर्धा वाटा म्हणजे अर्धा कशाचा? किती मासे येणार आणि त्यातले किती सोडायचे हे ठरल्याशिवाय अर्ध्याला काही अर्थच नाही.

पॅसिफिकचा सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात जातो, तिथे काही वर्षं वाढतो आणि वासाचा माग काढत आपल्याच नदीत परत येतो, अंडी घालतो आणि मरतो. म्हणजे जाळी चुकवून नदीत वर पोचलेले मासे हीच पुढची पिढी. या आकड्याला तिथले लोक एस्केपमेंट म्हणतात आणि सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे कोकणात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तारीख ठरलेली. सॅल्मनचं तसं नाही, तिथे मोजणी बघून ठरतं. अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये नदीकाठी मचाण बांधलेलं असतं, त्यावर माणूस उभा राहून दर तासाला 10 मिनिटं वर जाणारे मासे मोजतो, त्यावरून पूर्ण तासाचा अंदाज, आणि त्या आकड्यावर खाली खाडीत मासेमारी चालू की बंद हे कधीकधी काही तासांपुरतं जाहीर होतं. पद्धत साधी आहे, पण मला तरी कुठल्याही भारी मॉडेलपेक्षा जास्त पटते.

वॉशिंग्टनमध्ये मात्र मामला गुंतागुंतीचा, कारण समुद्रात सगळ्या नद्यांचे मासे मिसळलेले असतात. जाळ्यात आलेला चिनूक (सॅल्मनचीच एक जात) हॅचरीतला, म्हणजे माशांची पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातला आहे की धोक्यात आलेल्या एखाद्या नदीतला, बघून कसं कळणार? म्हणून हॅचरीत पिल्लाच्या नाकाडात जेमतेम 1 मिलिमीटर लांबीची स्टीलची तार घालतात, तिच्यावर कोड असतो, आणि पुढे मासा पकडला गेला की डोकं लॅबमध्ये जातं, तार काढून मायक्रोस्कोपखाली वाचतात. शिवाय हॅचरीच्या बहुतेक पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असतो, त्यामुळे गळ टाकणाऱ्याला जागेवरच कळतं की हा ठेवायचा की परत सोडायचा.

एवढं करूनही सगळ्यात कमजोर नदी सगळ्यांचा सीझन ठरवते. प्युजेट साउंडचा, म्हणजे सिएटलजवळच्या खाडीचा चिनूक 1999 पासून संरक्षित यादीत आहे, त्यातही स्टिलाग्वामिश नदीचे मासे इतके कमी की ते चुकून जाळ्यात येतील म्हणून बाकी भरपूर मासे असूनही मासेमारी आवरती घ्यावी लागते. दरवर्षी एप्रिलपर्यंत राज्याचे आणि जमातींचे जीवशास्त्रज्ञ समोरासमोर बसून आकड्यांवर भांडतात आणि सीझन ठरवतात. पश्चिम वॉशिंग्टनमधल्या 20 जमातींकडे आज स्वतःचे शास्त्रज्ञ आहेत. एकमेकांच्या मोजणीवर विश्वास नव्हता म्हणून एकत्र मोजावं लागलं, आणि माझ्या मते त्या निकालाची खरी कमाई हीच, 50 टक्के हा आकडा नाही.

सिएटलला मुलाकडे गेलेले आपले आईबाबा बॅलार्ड लॉक्सला (तलाव आणि समुद्र यांच्यामधले बोटींसाठीचे पाण्याचे दरवाजे) काचेतून मासे बघून फोटो काढून येतात ना, तिथेच राज्य आणि मकलशूट जमात मिळून सॉकाय ही सॅल्मनची दुसरी जात मोजतात. त्या मोजणीचं उत्तर मात्र वाईट आहे, तिथल्याच लेक वॉशिंग्टन तलावात हौशी लोकांना सॉकाय पकडायची शेवटची परवानगी मिळाली ती 2006 मध्ये.

म्हणजे वाटणी नीट झाली पण वाटायला मासेच कमी. धरणं, तापलेलं पाणी, तोडलेली जंगलं, आणि रस्त्याखालचे पाइप, ज्यातून ओढ्याचं पाणी इतक्या जोरात किंवा इतक्या उंचीवरून पडतं की मासा वर चढूच शकत नाही. 2001 मध्ये जमाती या पाइपांवरून परत कोर्टात गेल्या, म्हणणं एकच, मासे येणारच नसतील तर आमच्या हक्काचं करायचं काय? 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात 4-4 अशी बरोबरी झाली, त्यामुळे खालच्या कोर्टाचा जमातींच्या बाजूचा आदेश कायम राहिला आणि राज्याला 2030 पर्यंत आपल्या पाइपांनी अडवलेल्या नदी-ओढ्यांचा बहुतेक भाग माशांसाठी मोकळा करायचा आहे. खर्च अब्जावधी डॉलरचा, आणि तो ऐकून कुरकुरणारे करदाते आहेतच.

आणि याच नद्यांचे कितीतरी मासे परत येता येता कॅनडा आणि अलास्काच्या पाण्यात पकडले जातात, त्यासाठी अमेरिका आणि कॅनडा यांचा 1985 चा करार आहे. त्यातले सध्याचे मासेमारीचे नियम 2028 पर्यंतच आहेत, त्यामुळे आकड्यांवरून पुढची भांडणं दोन देशांत होणार.