टक्के आणि पर्सेंटाइल: एकाच मुलाचे दोन आकडे

गोव्यात बारावी विज्ञानाला मूल असलेल्या घरात थोड्या दिवसांच्या अंतराने दोन निकाल येतात, एक गोवा बोर्डाचा आणि दुसरा जेईई मेनचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचा. पहिल्यावर ८२ टक्के आणि दुसऱ्यावरही ८२ च्या आसपासचा आकडा असला की घरातले निर्धास्त होतात: मुलीने दोन्हीकडे सारखंच केलं. आणि बोर्डात ८२ पण जेईईत ६० दिसले, तर तिच्यावर बोलणी सुरू होतात. दोन्ही वेळा चूक एकच होते. हे दोन आकडे एका मापाचे नाहीत, त्यामुळे शेजारी ठेवून त्यांची तुलना होऊच शकत नाही.

टक्क्यांचं फारसं सांगायला नको. ६०० पैकी ४९२ गुण म्हणजे ८२ टक्के. त्यात मूल आणि त्याच्या पुढ्यातली प्रश्नपत्रिका एवढंच येतं. बाकीच्यांना किती पडले याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

पर्सेंटाइल मात्र बाकीच्यांशिवाय निघतच नाही. जेईई मेनचे ७५ प्रश्न असतात आणि गुण ३००. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकलं की १ कापला जातो. परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या पाळ्यांत चालते आणि प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा. एखाद्या पाळीला गणित कठीण निघालं तर त्या मुलांवर अन्याय होऊ नये, म्हणून नुसते गुण न धरता त्याच पाळीतल्या मुलांमध्ये तुमची जागा कुठली ते पाहतात. समजा एका पाळीला एक लाख मुलं बसली आणि डिचोलीच्या एका मुलीला ७० गुण पडले. ७० किंवा त्याहून कमी गुण मिळालेली मुलं, तिला स्वतःला धरून, ८२ हजार निघाली. तिचं पर्सेंटाइल झालं ८२. टक्के काढले तर २३.३३. गुण तेच, मूल तेच.

म्हणूनच पाळीत पहिला आलेल्याला ३०० पैकी ३०० नसले तरी १०० पर्सेंटाइल मिळतं. आणि म्हणूनच हा आकडा दशांशानंतर सात घरांपर्यंत छापतात. २०२४ मध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्डला (आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला) बसण्यासाठी खुल्या गटाची कटऑफ होती ९३.२३६२१८१. एवढी घरं उगाच नाहीत. त्या वर्षी सुमारे १४ लाख मुलं परीक्षेला बसली होती, म्हणजे एका पूर्ण पर्सेंटाइलमध्ये १४ हजार मुलं. ९० पर्सेंटाइल कानाला छान वाटतं, पण अशा वर्षी त्या मुलाच्या पुढे जवळजवळ एक लाख चाळीस हजार मुलं असतात.

आणखी एक गोष्ट पालक हमखास करतात: भौतिक, रसायन आणि गणिताची पर्सेंटाइल बेरजेला घेऊन तीनने भागतात. उत्तर एकूण पर्सेंटाइलशी जुळत नाही आणि निकालात घोळ झाला असं वाटतं. घोळ काही नाही. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून नव्याने काढलेलं असतं. जागांची सरासरी काढून नवी जागा मिळत नाही.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे डोळे लावून बसलेल्यांना नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत हेच भेटतं. खुल्या गटाला पात्र ठरायला ५० पर्सेंटाइल लागतं. ऐकणाऱ्याला वाटतं, ७२० पैकी ३६० हवेत. २०२३ मध्ये ती रेषा १३७ गुणांवर होती, म्हणजे १९ टक्क्यांवर. २०२४ मध्ये तीच १६२ वर गेली. नियम बदलला नव्हता, गर्दी बदलली होती. अर्थात पात्र ठरणं म्हणजे जागा मिळणं नव्हे, त्या गुणांवर सरकारी कॉलेजचा विचारही करू नये. २०२३ मध्येच नीट-पीजीची (डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची) पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, तेव्हा उणे गुण मिळालेले डॉक्टरही पात्र ठरले. शून्य पर्सेंटाइल म्हणजे रांगेचं शेवटचं टोक, शून्य गुण नव्हे.

सरकारी हायर सेकंडरीबद्दल बोलताना हा फरक विसरला की मला मनापासून वाईट वाटतं. शाळेच्या फलकावर '९५ टक्के निकाल' असतो, तो तर तिसराच आकडा: शंभरातली किती मुलं पास झाली एवढंच तो सांगतो. मग कोणीतरी विचारतो, निकाल एवढा चांगला, तर जेईईत मुलं साठ-सत्तरवरच का? पण बारावीला सगळी मुलं बसतात, जेईईला बसतात ती बहुतेक त्याच्या तयारीने आलेली, त्यांत कोटा-हैदराबादच्या क्लासमध्ये दोन वर्षं काढलेलीही. त्या गर्दीत वाळपईच्या किंवा काणकोणच्या सरकारी शाळेतून गेलेल्या मुलाने ७० पर्सेंटाइल काढलं, तर त्याने दर शंभरांतल्या सत्तरांची बरोबरी तरी केली किंवा त्यांना मागे टाकलं. त्याला 'फक्त सत्तर' म्हणणं धडधडीत चूक आहे.

दोन्ही आकडे एकाच ओळीत येतात ते कुंकळ्ळीच्या एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रवेश घेताना. जेईई मेनच्या क्रमांकाबरोबर बारावीची अट असते: ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे शंभरांतल्या वरच्या विसांत, असणं. ही 'किंवा' फार मोलाची आहे. पेपर कठीण गेलेल्या वर्षी सगळ्यांचेच गुण घसरतात. तेव्हा बोर्डाची पहिल्या २० पर्सेंटाइलची रेषा ७५ टक्क्यांच्या खाली उतरली, तर ७३ टक्केवालाही आत येऊ शकतो. म्हणून ७५ हुकले की लगेच आशा सोडू नका. त्या वर्षीची गोवा बोर्डाची रेषा आपल्या गटासाठी किती गुणांवर आहे ते आधी पाहा, आणि कॉलेजांचे पर्याय भरताना पर्सेंटाइल बाजूला ठेवून गटनिहाय क्रमांक समोर घ्या, कारण जागा त्यावरच मिळते.