आयटीआय झालंय आणि असेंब्लीला अप्रेंटिस लागायचंय? फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

पॅनल वायरिंग, पीसीबी (सर्किटची पट्टी) बसवणं, सेन्सर-मोटर जोडून टेस्टिंग, असलं काम शिकायचं तर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा मेकॅट्रॉनिक्सवाल्यांना अप्रेंटिसशिप हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. चाकण, रांजणगाव भागात अशी कामं आहेत. कायद्याने वय किमान १४ लागतं, धोक्याच्या कामाला १८.

अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर कॅन्डिडेट म्हणून रजिस्ट्रेशन करायचं, मग आधार ई-केवायसी, शिक्षण आणि बँकेची माहिती भरायची, मग ट्रेड आणि जिल्हा टाकून जागा शोधून अप्लाय करायचं. दहावीची मार्कशीट, आयटीआयचं एनटीसी (आयटीआय पास झाल्याचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट), आधार, पासबुक, फोटो आणि असेल तर जातीचा दाखला, एवढं स्कॅन करून मोबाईलमधे ठेवा.

खरी गाडी अडते ती नावावर. आधारवर "गणेश रामदास", मार्कशीटवर नुसतं "गणेश आर" असं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, नंतर धावपळ होते. दुसरं म्हणजे बँक खातं आधारशी सीड केलेलं पाहिजे, म्हणजे आधारवरून येणारे सरकारी पैसे याच खात्यात जमा व्हावेत अशी नोंद पाहिजे, नुसतं लिंक आहे म्हणून भागत नाही, बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग झालंय का असं स्पष्ट विचारा, कारण एनएपीएस या सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार थेट खात्यात टाकतं, बाकीचे कंपनी देते.

बोलावणं आलं की बऱ्याच ठिकाणी हातात वायर देतात. इन्सुलेशन सोलून तारेच्या टोकाला लग (धातूचं टोक) क्रिम्प करायचा, म्हणजे दाबून घट्ट बसवायचा, मग समोरचा माणूस तो ओढून बघतो आणि आतल्या तांब्याच्या तारा कापल्या गेल्यात का ते पण बघतो. घरी दहा-वीस लग मारून हात बसवून जा. वायरचे रंग ओळखता येतात का हेही तपासू शकतात.

आणि हे मी कळकळीने सांगतोय, पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट झाल्याशिवाय कामाला उभं राहू नका. माझ्या ओळखीतला एक पोरगा "कागद नंतर करू" ऐकून एका कंपनीत आठ महिने राबला, कॉन्ट्रॅक्ट झालंच नाही, त्यामुळे ते महिने मोजलेच गेले नाहीत आणि ट्रेड टेस्टला बसता आलं नाही. ट्रेनिंग पूर्ण करून ऑल इंडिया ट्रेड टेस्ट पास झाल्यावरच एनएसी, म्हणजे नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट, मिळतं. म्हणून कॉन्ट्रॅक्टवर आपला ट्रेड, सुरू आणि संपायची तारीख आणि स्टायपेंड नीट वाचा, मगच ॲक्सेप्ट करा आणि त्याची पीडीएफ स्वतःकडे ठेवा.