सस्तन म्हणजे नक्की कोण? एका नावामागची पार्श्वभूमी

कल्ले कुणाला, फुप्फुसं कुणाला, अंडी कोण घालतं आणि पिल्लं कोण, हे शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं त्यामुळे ते परत सांगत नाही. पण प्राण्यांचे हे कप्पे आखताना आणि नंतरही भांडणं झाली, आणि सगळ्यात लांबलं ते 'सस्तन' या नावाचं.

१७५८ पर्यंत युरोपात या गटाला चतुष्पाद म्हणायचे आणि देवमासा माशांत मोजला जायचा. त्या वर्षी वर्गीकरणाच्या एका मोठ्या ग्रंथाची दहावी आवृत्ती आली, तिच्यात देवमासा इकडे आला (तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, त्यामुळे बरोबरच झालं) आणि गटाचं नाव पडलं ते दूध पाजणाऱ्या अवयवावरून. केसांवरूनही नाव ठेवता आलं असतं. दूध फक्त माद्यांना येतं, तेही काही दिवसच. नाव ठेवणाऱ्याने सहा वर्षं आधी दूध पाजायला दाई ठेवायच्या प्रथेविरुद्ध लिहिलं होतं, त्याचा या नावाशी संबंध असावा असं काही अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं.

मग प्लॅटिपस आला, म्हणजे बदकासारखी चोच असलेला, पाण्यात वावरणारा केसाळ प्राणी. १७९९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या कातड्यावरून त्याचं पहिलं वर्णन छापलं गेलं, ते लिहिणाऱ्याला चोच कुणीतरी शिवून जोडलीय की काय अशी शंका आली होती. १८२४ मध्ये एका जर्मन शरीरशास्त्रज्ञाला मादीत दुधाच्या ग्रंथी सापडल्या. पॅरिसमधला एक गट म्हणाला स्तनाग्रंच नाहीत तर या दुधाच्या ग्रंथी नव्हेत, हा अंडी घालणारा प्राणी. लंडनवाले म्हणाले दूध आहे ना, मग अंडी बाहेर घालणं शक्यच नाही, ती आत पोटातच फुटत असणार. दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडल्या पण दूध आणि अंडं एका प्राण्यात असू शकत नाही हे दोघांनीही धरूनच चाललेलं, आणि निम्मं शतक वाया गेलं ते या धरून चालण्यामुळे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी हा प्राणी दोन अंडी घालतो असं सांगितल्याची नोंद १८२२ मधलीच आहे, ते ऐकून घेतलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. वाद मिटला सप्टेंबर १८८४ मध्ये, तिथल्याच क्वीन्सलंडमधून पाठवलेल्या चार शब्दांच्या तारेने. एका मादीने एक अंडं घातलं होतं आणि दुसरं अजून पोटात होतं, तेव्हा तिला गोळी घालून हा पुरावा मिळवला होता. त्या मोहिमेत असे किती जीव गेले ते वाचून वाईटच वाटतं.

प्रत्यक्षात काय होतं ते बघा. अंडं जेमतेम १७ मिलिमीटरचं, चामड्यासारखं मऊ. मादी बिळात शेपटी पोटाशी दुमडून ती साधारण १० दिवस उबवते. मग दूध कातडीतून नुसतं पाझरतं आणि पिल्लं ते केसांवरून चाटतात. म्हणजे शब्दशः बघितलं तर हा 'सस्तन' नाहीच. मराठी शब्द शेवटी 'स्तन असलेला' असाच आहे, 'दूध देणारा' असं काही ठेवलं असतं तर हा घोळ उरला नसता.

श्वासाचंही असंच झालं. १८३० च्या दशकात फुप्फुसं असलेले मासे मिळाले तेव्हा पहिल्याला चक्क सरपटणाऱ्यांत टाकलं होतं. माशाच्या हवेच्या पिशवीपासून पुढे फुप्फुस झालं असं बराच काळ मानलं गेलं, आता उलट मानतात, की साधं फुप्फुस आधीचं आणि बहुतेक माशांत त्याची तरंगायची पिशवी झाली.

२००८ मध्ये प्लॅटिपसचा जनुकसंच वाचला गेला. त्यात दुधाच्या प्रथिनांची जनुकं निघाली आणि अंड्यातलं बलक बनवणारं एक जनुकही, दोन्ही एकाच प्राण्यात कामावर. त्याच वर्षी माणसातही त्या बलकाच्या जनुकांचे मोडके अवशेष सापडले, आता बंद पडलेले.