न्येमेन, चेस्वाव

(१६ फेब्रुवारी १९३९ – १७ जानेवारी २००४). पोलंडचे गायक, गीतकार, संगीतकार व वादक. मूळ नाव चेस्वाव यूल्युश विड्झित्स्की. तरुणांच्या नाचगाण्यांच्या संगीतातून १९६०च्या दशकात पुढे आलेला हा आवाज दहा वर्षांच्या आत पोलिश अभिजात कविता, समूहगायन आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये इथपर्यंत जाऊन पोचला. लोकप्रिय गायकाने काय गावे, किती वेळ गावे आणि श्रोत्याकडून किती मागावे, याविषयीची पोलंडमधील समजूत त्यांनी बदलून टाकली. त्यासाठी हाती आलेली लोकप्रियता त्यांनी अनेकदा पणाला लावली.

त्यांचा जन्म स्तारे वाशिलिश्की या खेड्यात झाला. तेव्हा हा भाग पोलंडमध्ये होता. आज तो बेलारूसच्या ग्रोद्नो प्रांतात मोडतो. वडील वाद्ये दुरुस्त करीत व सुरात लावीत, त्यामुळे घरात सूर होताच. गाण्याची पहिली तालीम मात्र गावच्या चर्चमधील गायकवृंदात झाली. चेस्वाव सात महिन्यांचे असताना, सप्टेंबर १९३९ मध्ये, सोव्हिएत फौजांनी हा पूर्वेकडचा मुलूख घेतला. याच सीमाभागातून पुढच्या दोन वर्षांत असंख्य पोलिश कुटुंबांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार करण्यात आले, आणि त्यांतील सुमारे ५,००० माणसे पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिली. वळिवड्याची आठवण जपणाऱ्या मराठी वाचकाला न्येमेन यांच्या गाण्यातील हरवलेल्या गावाची ओढ म्हणूनच सहज ओळखीची वाटेल. विड्झित्स्की कुटुंब मात्र मागेच राहिले. युद्धानंतर सीमा पश्चिमेकडे सरकली, गाव सोव्हिएत संघात गेले, आणि १९५८ मध्ये, पोलिश नागरिकांना परत नेण्याच्या शेवटच्या टप्प्यात, हे कुटुंब पोलंडला आले. चेस्वाव तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

ग्दान्स्क या बंदराच्या शहरी त्यांनी संगीत विद्यालयात ‘बॅसून’ हे फुंकून वाजवायचे सुषिर वाद्य शिकायला घेतले. संध्याकाळी झाक या विद्यार्थ्यांच्या क्लबात ते गिटारवर लॅटिन अमेरिकी गाणी म्हणत. श्चेचिन येथे १९६२ मध्ये भरलेल्या तरुण कलावंतांच्या महोत्सवात त्यांची निवड झाली आणि ‘न्येब्येस्को-चार्नी’ (निळे-काळे) या वाद्यवृंदात त्यांना जागा मिळाली. वृंदाचे संस्थापक फ्रान्चिशेक वालित्स्की हे मोठे चतुर संयोजक. ‘रॉक अँड रोल’ हे नाव साम्यवादी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलते हे ओळखून त्यांनी ‘बिग-बीट’ हा शब्द रूढ केला, आणि पोलिश तरुणांनी पोलिश गाणी गायची, असे ब्रीद वृंदाला दिले. परदेशी गाण्यांच्या नकला करण्यात रमलेल्या त्या काळात या ब्रीदाचा परिणाम खोल झाला. न्येमेन स्वतः गाणी रचू लागले ते याच वातावरणात.

डिसेंबर १९६३ मध्ये हा वृंद पॅरिसच्या ऑलिम्पिया रंगमंदिरात गायला. विड्झित्स्की हे आडनाव परकीयांच्या जिभेवर बसेना, म्हणून नवे नाव शोधणे भाग पडले. त्यांनी नदीचे नाव घेतले. न्येमेन (आपल्या नकाशांतील नेमान) ही त्यांच्या मुलखातून वाहणारी नदी. ग्रोद्नो शहर तिच्याच काठी वसले आहे. सोय म्हणून घेतलेल्या या नावात त्यांचे सुटलेले गावही सोबत आले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९६४ मध्ये, जर्मन-अमेरिकन अभिनेत्री व गायिका मार्लीन डीट्रिख वॉर्सात गायला आल्या. त्यांच्या कार्यक्रमात हा वृंद आधी गात असे. तेथे न्येमेन यांचे ‘तुला मी अजून आठवतो का’ हे गाणे त्यांनी ऐकले. त्या चालीवर डीट्रिख यांनी स्वतः जर्मन शब्द लिहिले आणि आईकडे क्षमा मागणारे एक गाणे ध्वनिमुद्रित केले. पंचविशीच्या आतल्या, नुकत्याच निर्वासित म्हणून आलेल्या तरुणाची चाल एवढ्या मोठ्या कलावतीला घ्यावीशी वाटली, यावरून त्या चालीचे बळ कळते.

स्वतःचा ‘आक्वारेले’ हा वृंद घेऊन १९६७ मध्ये न्येमेन ओपोले येथील राष्ट्रीय गीत महोत्सवात उभे राहिले. ओपोलेचा खुला रंगमंच म्हणजे पोलिश सुगम संगीताची पंढरी. तेथील पसंती साऱ्या देशापर्यंत पोचे. त्या वर्षी त्यांनी गायलेल्या ‘जिव्नी येस्त तेन श्व्यात’ (विचित्र आहे हे जग) या गाण्याचे शब्द व चाल दोन्ही त्यांची होती. माणूस माणसाचा तिरस्कार करतो, नुसत्या शब्दानेही जीव घेतो, ही वेदना त्यात आहे, आणि भली माणसे अजून जास्त आहेत ही श्रद्धाही. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या सोल गायनाची छाया त्यावर स्पष्ट दिसते. रे चार्ल्स व जेम्स ब्राउन हे न्येमेन यांना प्रिय होते. तरीही ऐकताना ते उसने वाटत नाही. हलक्या आवाजात सुरू होऊन गळा फाटेल की काय असे वाटेपर्यंत चढत जाणारी त्यांची लकेर काहींना ‘आरडाओरडा’ वाटली, लांब केस व रंगीबेरंगी कपड्यांवरही टीका झाली. गाण्याला मात्र विशेष पारितोषिक मिळाले. त्याच नावाची मोठी तबकडी त्याच वर्षी निघाली आणि पोलंडमध्ये ‘सुवर्ण तबकडी’चा मान मिळवणारी ती पहिली मोठी तबकडी ठरली.

यानंतर त्याच साच्यातली गाणी काढत राहणे सर्वांत सोपे होते. न्येमेन यांनी कवितेची वाट धरली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कळस येथेच आहे. १९७० मध्ये ‘एनिग्मातिक’ या नावाने आलेल्या तबकडीची संपूर्ण पहिली बाजू एकाच रचनेने व्यापली आहे. सोळा मिनिटांहून अधिक लांबीची ही रचना म्हणजे चिप्रियान कामिल नॉर्विड (१८२१–१८८३) यांच्या ‘बेम यांच्या स्मरणार्थ शोकगीत’ या कवितेला दिलेले संगीत होय. नॉर्विड हयातीत उपेक्षित राहिले, पॅरिसमधील एका धर्मादाय आश्रमात वारले आणि मृत्यूनंतर काही दशकांनी त्यांची थोरवी उमगली. कवितेचा नायक सेनापती युझेफ बेम. १८३०–३१ च्या पोलिश उठावात तो लढला, मग १८४८–४९ मध्ये हंगेरीच्या स्वातंत्र्ययुद्धात. अखेर तुर्कस्तानात आश्रय घेऊन, इस्लाम स्वीकारून, १८५० मध्ये अलेप्पो येथे वारला. दुसऱ्याच वर्षी लिहिलेल्या कवितेत नॉर्विड यांनी त्याची अंत्ययात्रा एखाद्या प्राचीन स्लाव्ह सरदाराची म्हणून रंगवली आहे: मशाली, ढाली, शोक करणाऱ्या स्त्रिया. शेवटी ही यात्रा कबरीपाशी थांबतच नाही. ती झोपी गेलेल्या नगरांवर धडकत पुढे चालत राहते.

या चालत राहण्याला न्येमेन यांनी सूर दिला. हॅमंड ऑर्गनचा संथ, गंभीर प्रारंभ, समूहगायन, आणि मग त्यावर एकट्या माणसाची हाक. मंदगतीची ही रचना पाहता पाहता मिरवणुकीच्या पावलांचा ठेका पकडते. पाठ्यपुस्तकातली, परीक्षेपुरती घोकलेली कविता तरुणांच्या ओठी आली ती अशी. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला आस्निक व तेत्मायेर या कवींच्याही कविता आहेत; त्यांपैकी आस्निक यांची ‘एकच हृदय’ मागणारी कविता आजही आवडीने ऐकली जाते. तूविम यांच्या कवितेवरचे, मारेक सार्त यांच्या चालीचे ‘आठवण’ हे शरदातले हळवे गाणे त्यांनी आधीच गायले होते. नॉर्विड यांची साथ मात्र आयुष्यभराची ठरली. १९७८ च्या ‘इदे फिक्स’ या संचात ते पुन्हा त्यांच्याचकडे वळले.

सत्तरच्या दशकात त्यांनी साथीदार वारंवार बदलले. युझेफ स्क्षेक, आपोस्तोलिस आंतिमोस आणि येझी प्योत्रोव्स्की हे त्यांच्यासोबत वाजवणारे तरुण पुढे ‘एसबीबी’ या नावाने स्वतंत्रपणे गाजले. सीबीएस या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी न्येमेन यांनी इंग्रजीत गाणी केली. १९७४ च्या न्यूयॉर्कमधील ध्वनिमुद्रणात यान हामर, रिक लेअर्ड, जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी असे कसलेले वादक होते. तरीही पश्चिमेकडे त्यांना मोठे यश लाभले नाही. पोलिश शब्दांच्या उच्चारावर, त्यातील घासणाऱ्या व फुटणाऱ्या व्यंजनांवर त्यांची गायकी उभी होती. इंग्रजीत तो आधार सुटला. त्यानंतर ते सिंथेसायझरकडे वळले. ‘कातार्सिस’ (१९७६) हा संच त्यांनी जवळजवळ एकहाती केला. आंद्झेय वायदा यांच्या ‘वेसेले’ या चित्रपटातील गवताच्या बुजगावण्याला लाभलेला अंगावर काटा आणणारा आवाजही न्येमेन यांचाच.

डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. कलावंतांनी सरकारी दूरचित्रवाणीवर बहिष्कार घातला. अशा वेळी न्येमेन यांची एक मुलाखत काटछाट करून प्रसारित झाली आणि ते राजवटीची बाजू घेत आहेत असा समज पसरला. माणसाने माणसावर शब्दांनी वार करू नये असे गाणाऱ्या या कलावंताला हा घाव फार लागला. पुढील वर्षांत ते कमी दिसू लागले. स्वतःच्या घरी, स्वतःच्या यंत्रांवर काम करीत राहिले. संगणकावर चित्रे काढू लागले. ‘तेरा देफ्लोराता’ (१९८९) मध्ये उजाड होत चाललेल्या पृथ्वीची चिंता आहे. शेवटचा संच २००१ मध्ये आला.

कर्करोगाच्या आजारानंतर वॉर्सा येथे त्यांचे निधन झाले. ३० जानेवारी २००४ रोजी, अंत्यसंस्काराच्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता देशभरच्या नभोवाणी केंद्रांवरून ‘विचित्र आहे हे जग’ ऐकवण्यात आले. पोवाँझ्की या जुन्या दफनभूमीत त्यांच्या अस्थी आहेत. पोलंडच्या राष्ट्रीय बँकेने २००९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ नाणी काढली. त्यांची कन्या नातालिया न्येमेन याही गायिका आहेत. वाशिलिश्कीतील जन्मघरात आता संग्रहालय आहे.

१९६६ मध्ये मारेक गाशिन्स्की यांच्या शब्दांवर त्यांनी ‘वॉर्साचे स्वप्न’ हे गाणे केले होते. आपलेही कुठेतरी एक स्वप्नातले शहर असते, आणि आपले ते हेच, असे सांगणारे. गाणारा होता नेमानच्या मुलखातील खेड्यातून आलेला माणूस. २००४ पासून लेगिया वॉर्सा या फुटबॉल संघाच्या घरच्या मैदानावर सामना सुरू होण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावर त्यांचा आवाज लागतो, आणि गळपट्टे दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरत हजारो प्रेक्षक त्याच्याबरोबर गातात.